पडवीतलं जेवण आणि कौलारू घरं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्गातल्या शिरोडा-वेळागरच्या किनाऱ्यालगत एका जुन्या घरात नुकताच जेवायचा योग आला. चिरेबंदी भिंती, मंगळुरी कौलं, खळ्यात तुळस आणि माडांपलीकडे समुद्र. घरच्यांनी पडवीत बाकं मांडून लहानशी खानावळ सुरू केली आहे. छापील मेन्यू नाही, सकाळी जी मासळी मिळाली ती फळ्यावर लिहिलेली. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांची एकशिपी, उकड्या तांदळाचा भात आणि ताज्या नारळाच्या रसातली सोलकढी. भर दुपारीही पंखा लावायची गरज पडली नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा इथे सुक्या सुंगटांची किसमूर, कुळथाची पिठी आणि फणसाची भाजी असते. त्या दिवसांतही सुरमईच हवी म्हणणाऱ्या पाहुण्यांना घरच्या वहिनी सरळ नाही म्हणतात, आणि ते मला फार आवडलं.

हे सविस्तर लिहायचं कारण असं, की अशी घरं आमच्या डोळ्यांदेखत पडत आहेत. सातबाऱ्यावर आणि घरपत्रकावर भावाभावांची, चुलत्यांची नावं. निम्मी मंडळी मुंबईला, गणपतीपुरती येणारी. घरात कोणी राहत नाही, पावसाआधी कौलं परतणारा माणूस मिळत नाही, एक वासा वाळवीने खाल्ला की दोन पावसाळ्यांत माजघर उघडं पडतं. मग कोणीतरी जागेची किंमत विचारतो आणि तिथे स्लॅबची इमारत उभी राहते. ज्या घरात चूल पेटती राहिली, जेवणाऱ्यांचे चार पैसे आले, त्या घराचं छप्पर वेळेवर दुरुस्त होतं. वर सांगितलेल्या घराच्या मागच्या पडवीचे वासे खानावळीच्या उत्पन्नातूनच बदलले आहेत.

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. किनाऱ्यावर कायद्याची आडकाठी आहे असं नेहमी सांगितलं जातं. पण 2019च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत स्थानिकांना आपल्या असलेल्या घरात ‘होम स्टे’ चालवायची मुभा आहे. अट एवढीच, की घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे जुनं घर जसंच्या तसं ठेवणाऱ्याच्या बाजूने ही तरतूद आहे. ती किती गावांत लोकांना समजावून सांगितली गेली? जुन्या घरात जेवायला म्हणून आपलीच माणसं तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात जातात, तेव्हा फार वाईट वाटतं. घरं आपल्याकडेही आहेत, मासळी तर त्याच समुद्रातली.

जिल्हा प्रशासनाने दोन गोष्टी कराव्यात. किनाऱ्यावरच्या गावांत ग्रामपंचायतीमार्फत या तरतुदीची माहिती द्यावी आणि अर्ज तिथेच भरून घ्यावेत. दुसरं, पर्यटनासाठी जो निधी येतो त्यातला काही भाग वासे, रिपा आणि कौलं यांच्या दुरुस्तीसाठी कमी व्याजाच्या कर्जाच्या रूपाने द्यावा. सामायिक मालकीच्या घरात राहणाऱ्या वारसाला बाकीच्यांच्या संमतीचा साधा नमुना तलाठी कार्यालयात मिळाला, तर चाकरमानी मंडळी येत्या गणपतीतच सह्या करून जातील.

– एक वाचक, सावंतवाडी