सूचना : विद्यार्थ्यांच्या लेखनाची तपासणी

सर्व प्राध्यापक सहकाऱ्यांना नमस्कार.

लेखन सक्तीचे असलेल्या विषयांत फक्त अंतिम प्रत तपासून गुण भरू नयेत. पहिला मसुदा, आपला अभिप्राय आणि सुधारित मसुदा सोबत ठेवून वाचावेत. समासात नुसते ‘अस्पष्ट’ लिहून काहीच साधत नाही. ‘दावा दुसऱ्या परिच्छेदात, पुरावा थेट चौथ्यात, मधला दुवा लिही’ असे लिहिले की विद्यार्थ्याला वाट सापडते. आधी युक्तिवाद बघा, शुद्धलेखन नंतर.

एकच विषय दोघे शिकवत असतील तर काही निबंध दोघांनीही स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून पाहावेत.

साम्य-तपासणीतला टक्का, म्हणजे मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो हे दाखवणारा संगणकीय आकडा, हा वाङ्मयचौर्याचा पुरावा नव्हे. अवतरणे आणि संदर्भसूचीही त्यात धरली जाऊ शकतात. शंका आलीच तर आधी विद्यार्थ्याला बोलवून त्याचे म्हणणे ऐकून घ्या.