पूल झाल्यावर सागरी मार्गावर थांबायचे कोठे?

माननीय संपादक,

महोदय,

रेवस ते रेडी या सागरी महामार्गावरील मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. या पुलांच्या बातम्यांत बहुधा किती अंतर आणि किती वेळ वाचेल याचाच हिशेब असतो. बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे 1980 नंतरच्या काळात पाहिलेले हे स्वप्न आता कुठे आकार घेत असल्याने पुलांना विरोध करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. परंतु गेल्या मार्चमध्ये कुटुंबासह नेरुळहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास केल्यावर लक्षात आले की, या रस्त्यावर प्रवाशाला खऱ्या अर्थाने थांबवतात त्या फेरीबोटीच. त्या बंद होतील तेव्हा थांबण्याची दुसरी सोय आपण केलेली असेल का, याविषयी शंका वाटते म्हणून हे पत्र.

अलिबागहून रत्नागिरीस या मार्गाने जाताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी गाडी बोटीत चढवावी लागते. बागमांडल्याला आम्ही जवळपास तासभर रांगेत होतो. सुरुवातीला चिडचिड झाली, हे मान्य करतो. पण त्या तासाभरात आई सावलीला बसून कोकम सरबत प्यायली, मुलांनी समोरच्या तीरावरचा बाणकोटचा किल्ला न्याहाळला, आणि रांगेतल्याच एका स्थानिक गृहस्थांनी वेळासला सध्या कासवांची पिल्ले बाहेर पडत असल्याचे सांगितले. आमच्या कार्यक्रमात वेळास नव्हतेच. त्या रात्री आम्ही तेथे एका घरी उतरलो आणि सकाळी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले लाटांकडे सरपटत जाताना पाहिली. नाना फडणवीसांचे गाव ते हेच, हेही मुलांना तेथेच कळले. पुलावरून दोन मिनिटांत खाडी ओलांडली असती, तर यातले काहीही घडले नसते.

याउलट, जेथे बोट नाही तेथे थांबणे जवळजवळ अशक्य असते. दिवेआगरहून आरवी, शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला इतका बिलगून जातो की चालकालाही मान वळवण्याचा मोह आवरत नाही, पण गाडी बाजूला घेण्याइतकी जागा मोजक्याच ठिकाणी सापडते. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येताना आरे-वारेच्या चढावर तर प्रकार गंभीर आहे. खाली सुरूचे बन आणि दोन्ही अंगांना पसरलेली पुळण दिसू लागली की प्रत्येक जण जमेल तेथे, अगदी वळणावरसुद्धा, गाडी उभी करतो आणि दरवाजा थेट रस्त्यावर उघडतो. आमच्या डोळ्यांदेखत समोरून आलेल्या एसटीच्या चालकाने अत्यंत शिताफीने ब्रेक लावला म्हणून एक अनर्थ टळला. प्रवाशांना शिस्त नाही, असे म्हणून हा विषय झटकता येणार नाही. जेथे माणूस थांबणारच हे सर्वांना ठाऊक आहे, तेथे रस्त्याला लागून दहा-बारा गाड्यांपुरती जागा रुंद करणे हा रस्त्याच्या आराखड्याचाच भाग असायला हवा.

दुसरा मुद्दा भरती-ओहोटीचा. हरिहरेश्वराची खडकांवरून जाणारी प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते आणि भरतीत ती जिवावर बेतू शकते. हेदवीच्या बामणघळीचे नेमके उलट आहे, कारण चिंचोळ्या घळीत शिरलेले पाणी कारंज्यासारखे उसळते ते भरतीच्या वेळी. आम्ही दोन्हीकडे चुकीच्या वेळी पोहोचलो! त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला साधा फळा आधीच्या मोठ्या गावात लावला, तर त्याला खर्च तो किती येणार?

स्वच्छतागृहांबद्दल लिहिताना संकोच वाटतो, पण माझ्या आईचे वय पंचाहत्तर आहे आणि तिला मधुमेह आहे. एका गजबजलेल्या किनाऱ्यावरील सार्वजनिक स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता आले नाही. शेवटी शेजारच्या वाडीतल्या एका बाईंनी तिला आपल्या घरी नेले, पाणी दिले आणि वर चहाही पाजला. कोकणी माणसाच्या या अगत्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच, मात्र त्याच्या भरवशावर महामार्ग चालवता येत नाही.

माझी सूचना अशी की, पूल सुरू झाल्यावर दोन्ही तीरांवरचे फेरीबोटीचे धक्के ओस पडू न देता तेथेच अधिकृत थांबे करावेत. तेथपर्यंत रस्ता आहे, पाण्याकाठची मोकळी जागा आहे आणि वर्षानुवर्षे तेथे टपऱ्या चालवणारी माणसेही आहेत. सावली, पिण्याचे पाणी, रोज साफ होणारे स्वच्छतागृह आणि पुलाच्या तोंडाशी ठळक फलक एवढ्यावर भागेल. तेथील गाळे स्थानिक महिला बचत गटांना आणि सध्याच्या टपरीवाल्यांनाच द्यावेत. श्रीवर्धनची रोठा सुपारी, कोकम, आंबापोळी असा माल गावातच असताना द्रुतगती मार्गावरच्यासारखा एकसाची फूड मॉल येथे कशाला हवा? सर्वत्र मिळणारे सँडविच खाण्यासाठी कोणी दाभोळपर्यंत जात नाही.

कारंजा-रेवस पूल झाल्यावर आम्हा नवी मुंबईकरांना पेण-वडखळचा वळसा न घेता उरणमार्गे थेट अलिबाग तालुक्यात उतरता येईल आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांचा लोंढा प्रथम रेवसवर आदळेल. म्हणून पहिला थांबा रेवसच्या धक्क्यावरच व्हावा आणि त्यासाठीची जागा पुलाचे काम सुरू असतानाच राखून ठेवावी, अशी महामंडळाला विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
नेरुळ, नवी मुंबई