निळी जर्सी आणि सरकारी तिजोरी

मा. अर्थमंत्री, क्वेबेक प्रांत, यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे. तुम्हाला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागेल. पण भाषेच्या हट्टाबद्दल क्वेबेकच्या मंत्र्याने तरी कुरकुर करू नये.

विषय नॉर्डिक्सचा, म्हणजे आपल्या क्वेबेक शहराच्या जुन्या आइस हॉकी संघाचा. संघ जाऊन तीस वर्षे झाली, तरी आमच्या शेजारचे आजोबा दारातला बर्फ उपसताना कोटावर तीच निळी जर्सी चढवतात. तिच्या काठावरची पांढरी लिलीची फुले आता पिवळट पडली आहेत. १९७२ साली डब्ल्यूएचए या बंडखोर लीगमध्ये सुरू झालेला हा संघ १९७९ मध्ये एनएचएल या हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये आला. पुढच्याच वर्षी पीटर आणि अँटोन श्टास्टनी हे भाऊ कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियाला गुंगारा देऊन इथे पोचले, थोरला मारियान वर्षभराने. तिघे भाऊ एकत्र आक्रमण करायचे, हे सांगताना आजोबांचे फावडे हमखास थांबते.

मग पैशाचे गणित फिसकटले. तिकिटांचे उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये, खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये. मालकांनी सरकारकडे हात पसरला. हवी तशी मदत मिळाली नाही. मे १९९५ मध्ये संघ विकला गेला, अमेरिकेत डेन्व्हरला हलला आणि तिथल्या पहिल्याच मोसमात ‘कोलोरॅडो अ‍ॅव्हलांश’ म्हणून त्याने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, उचलला. सॅकिक, फोर्सबर्ग या खेळाडूंची रोपे इथली. आंबे डेन्व्हरने खाल्ले.

तेव्हाचा सरकारी नकार मला पटतो. पटत नाही ते नंतरचे. संघाचा पत्ता नसताना सुमारे ३७ कोटी डॉलर, तेही बहुतेक जनतेचे, ओतून २०१५ मध्ये सेंटर व्हिडिओट्रॉन हे हॉकीचे स्टेडियम उभे राहिले. २०१६ मध्ये लीगने आपल्या शहराचा अर्ज बाजूला ठेवून नवा संघ लास वेगासला दिला. तरीही २०२३ मध्ये लॉस एंजेलिस किंग्ज या एनएचएल संघाच्या इथल्या दोन सामन्यांसाठी तुमच्या सरकारने ५० ते ७० लाख डॉलर जाहीर केले. मोसमापूर्वीचे सराव सामने, साहेब! आजोबा एकालाही गेले नाहीत. ‘दुसऱ्याचा संघ बघायला माझा कर कशाला?’

मागणी एकच. संघ परत आणायचा तर १९९५ मध्ये न जुळलेले गणित आज कसे जुळणार, याचा हिशेब आकड्यांसह मांडा. जुळत नसेल तर तेही टीव्हीवर, फ्रेंचमध्ये आणि जरा मोठ्याने सांगा. आजोबांना कमी ऐकू येते.

कळावे,
क्वेबेक शहरातला एक मराठी करदाता