मेंदूची इजा हातापायांच्या टक्क्यांत कशी मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अपघातात डोक्याला मार बसलेल्या माणसांच्या भरपाईच्या दाव्यांविषयी हे पत्र लिहिते आहे. नवले पूल, कात्रजचा बाह्यवळण रस्ता, सोलापूर रस्ता इथल्या अपघातांच्या बातम्या आपण नेमाने छापता. त्यांतून वाचलेली माणसे पुढे शिवाजीनगरला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातात. तिथे मेंदूला इजा झालेल्यांचे नुकसान पुरते पोहोचतच नाही, असे माझे मत झाले आहे. मी वकील नाही. बँकेतून निवृत्त झाले आहे आणि भाच्याच्या दाव्याची कागदपत्रे सांभाळते.

भाचा भोसरीत सीएनसी मशीनवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) सेटर, म्हणजे यंत्राची जुळणी करणारा कामगार होता. टेम्पोने उडवले, दुचाकीवरून डोक्यावर पडला. आज तो चालतो, बोलतो, आल्यागेल्याला ‘या, बसा’ म्हणतो. पण हातातले काम कुठवर आले होते हे त्याला जरा वेळाने आठवत नाही. दोन माणसे एकदम बोलू लागली की भडकतो. लग्नानंतर कधी बायकोवर आवाज न चढवलेला मुलगा आता ताट भिरकावतो. वास येत नाही, त्यामुळे गॅस चालू राहिला तरी त्याला पत्ता नसतो. त्याला एकटे ठेवता येत नाही म्हणून सुनेने नोकरी सोडली. अपंगत्वाच्या दाखल्यावर मात्र हातापायांची ताकद बघून किरकोळ टक्केवारी लिहून मिळाली. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी त्याला नाव, पत्ता, मुलाची इयत्ता विचारली. सगळे बरोबर सांगितले. मग म्हणे हा तर ठणठणीत आहे!

ओळखीची उत्तरे देता येणे आणि दिवसभराचे काम ठरवून, क्रमाने, न चिडता पार पाडणे या दोन गोष्टी मेंदूत सारख्या नाहीत. कपाळामागच्या भागाला मार बसला की दुसरी जाते आणि पहिली शाबूत राहू शकते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते. धक्क्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले-तुटले असतील तर ते पुष्कळदा दिसतच नाहीत, एमआरआयमध्ये काही वेळा सापडतात. म्हणून ‘सीटी नॉर्मल’ एवढ्यावरून इजा नाही असे ठरत नाही. स्मरण, एकाग्रता, विचारांचा वेग, नियोजन हे सगळे रुग्णाच्या वयाच्या व शिक्षणाच्या मानाने तपासणारी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी असते. तिचा अहवाल फाइलला नसेल तर न्यायाधीशांनी तरी कशावरून ठरवायचे? आम्हाला या चाचणीबद्दल कोणी सांगितले नव्हते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत, पण अपघाती मेंदू-इजेला त्यांत स्वतंत्र जागा नाही. रुग्णाला कुठल्या तरी दुसऱ्या रकान्यात बसवावे लागते, आणि सोपा रकाना हातापायांचा.

कायदा इतका आंधळा नाही, हे मला निकाल वाचल्यावर कळले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितले आहे की दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईचे नुकसान नव्हे. डावा हात गेला तर चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळी बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. तेव्हा तो माणूस कोणते काम करत होता आणि आता त्यातले काय करू शकतो हे न्यायाधिकरणाने पाहायचे. डॉक्टरांना साक्षीला यायला सवड नसेल तर न्यायालयाच्या वतीने साक्ष घेणारा आयुक्त (कोर्ट कमिशनर) नेमून ती नोंदवता येते. एवढे स्पष्ट असूनही दाखल्यावरचा आकडा उचलून हिशेब मांडणारे अर्ज सर्रास दाखल होतात, याची मला चीड येते.

कारण फरक केवढा पडतो ते बघा. बत्तीस वर्षांचा, महिना २५,००० रुपये मिळवणारा, कायम नोकरीत नसलेला माणूस धरा. वर्षाचे ३ लाख. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवले की ४ लाख २० हजार. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा वयानुसार ठरलेला आकडा, १६. कमाईची क्षमता सगळी गेली असे ठरले तर ६७ लाख २० हजार होतात. २० टक्केच गेली असे ठरले तर १३ लाख ४४ हजार. माणूस तोच, इजाही तीच.

याशिवाय सांभाळणाऱ्याचा खर्च येतो. आमच्याकडे तो कुणी मागतच नाही, कारण बायको किंवा आई घरचीच म्हणून तिच्या कष्टाला मोल नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये मेंदूला जबर इजा झालेल्या एका मुलीला ६२ लाख २७ हजार रुपये मंजूर केले. तिचा अपघात बाराव्या वर्षी झाला होता. त्या रकमेत दोन मदतनिसांसाठीच २१ लाख ६० हजार होते, महिन्याच्या पगाराला गुणक लावून काढलेले. सुनेने सोडलेल्या नोकरीचा आणि तिच्या रात्रंदिवसाच्या राबण्याचा हिशेब असाच मांडायला हवा. आम्ही आता तो मांडला आहे.

मुदतीबद्दलही लोकांना सावध करायला हवे. १ एप्रिल २०२२पासून दावा अपघातापासून ६ महिन्यांत दाखल करण्याचे बंधन कायद्यात पुन्हा आले आहे. पोलिसांनीही ३ महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे नातेवाइकांनी ठाण्यात जाऊन विचारावे. अपघात परगावी झाला असला तरी दावा आपण राहतो तिथे लावता येतो. दावा लावण्याची घाई करावीच, पण तडजोडीची अजिबात करू नये. मेंदू सावरायला वर्ष-दोन वर्षे लागतात, फिट्स येणे कधी कधी फार उशिरा सुरू होते. लोकअदालतीत झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. हाड मोडलेल्यासाठी लोकअदालत चांगलीच, महिनोन्‌महिने वाचतात. मेंदूच्या इजेत, चाचणी होण्याआधी तिथे सही करणे म्हणजे पुढची सगळी वर्षे न पाहता विकणे आहे. हातात पैसा नसलेली, दवाखान्याच्या बिलाने वाकलेली कुटुंबे नेमके तेच करतात, आणि त्यांना दोष देववत नाही.

अतिदक्षता विभागाबाहेर ‘केस आमच्याकडे द्या, मिळतील त्यातले इतके टक्के’ म्हणत कार्ड वाटणारे दलाल भेटतात. भरपाईतला वाटा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. या दलालांची गरजही नाही: स्त्रिया आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे वॉर्डातल्या किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून माझी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला विनंती आहे की शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत, जिथे डोक्याला मार लागलेले रुग्ण येतात तिथे, आठवड्यातून एकदा तरी आपला विधी स्वयंसेवक बसवावा. त्याने एमएलसीचे (रुग्णालयाने पोलीस-केस म्हणून केलेल्या नोंदीचे) कागद, डिस्चार्ज कार्ड, पगाराच्या पावत्या, औषधांची मूळ बिले जपायला आणि घरातल्या माणसाने रुग्णाच्या वागण्याची रोजची नोंद वहीत ठेवायला सांगावे. आणि दाखला देणाऱ्या सरकारी रुग्णालयांनी डोक्याला गंभीर मार लागलेल्या प्रत्येकाची न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी केल्याशिवाय टक्केवारी लिहू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक आणि प्रशिक्षित मानसतज्ज्ञांच्या काही जागा पुरतील. आरोग्य विभागाने त्या कधी भरणार ते आपल्या वृत्तपत्रातूनच सांगावे.

एक वाचक,
बिबवेवाडी, पुणे