पदवी, परवाना आणि हँगर

नाशिक

प्रिय सुरेश,

सप्रेम नमस्कार.

मुक्ताला बी.एस्सी. एव्हिएशनला घालावं की नुसतं फ्लाइंगला, हे तू विचारलंस. एकाच ठिकाणी दोन्ही मिळालं की काम झालं, असं तुला वाटतंय. पण पदवी विद्यापीठ देतं, परवाना डीजीसीए (केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) देतं, आणि मुलांची वर्षं अडकतात ती या दोघांच्या मधल्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या-दुरुस्तीच्या शेडमध्ये. माहितीपत्रक वाचताना हँगर कुणाचा, विमानं कुणाची आणि दुरुस्ती कोण करतं, एवढं आधी शोध.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी हा प्रश्न मुळापासून सोडवला होता. पर्ड्यू विद्यापीठाने 1930 मध्ये उड्डाण शिकण्याला पदवीचे गुण द्यायला सुरुवात केली आणि 1934 पर्यंत स्वतःचा विमानतळच उभा केला. जमीन दिली डेव्हिड रॉस नावाच्या उद्योगपतीने. अमेलिया इअरहार्ट तिथे 1935 पासून मुलींना मार्गदर्शन करायची; तिचं शेवटचं विमान घ्यायला पैसा पर्ड्यूच्या संशोधन प्रतिष्ठाननेच उभा केला. इलिनॉय विद्यापीठाने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस स्वतःचा विलार्ड विमानतळ आणि विमानविद्येची संस्था काढली. तिथे अलेक्झांडर विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट मोजून पाहिली गेली: आधी लिंक ट्रेनरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या जुन्या सिम्युलेटरमध्ये, सराव केला तर विमानातले तास किती वाचतात? तास वाचतात, हे दिसलं. पुढच्या अभ्यासांत हेही दिसलं की सिम्युलेटरचे पहिले काही तास भरपूर वाचवतात, नंतरच्या प्रत्येक तासाचा फायदा घटत जातो. सिम्युलेटरच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेव. एवढं सगळं असूनही 2011 मध्ये विद्यापीठाने ही संस्था बंद करायचं ठरवलं आणि 2014 मध्ये प्रशिक्षण शेजारच्या पार्कलँड कॉलेजकडे गेलं. स्वतःची धावपट्टी असलेल्या विद्यापीठालासुद्धा उड्डाणाचा खर्च पेलवेनासा होतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे उलटा क्रम. आधी क्लब आले. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 चा; जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 ला देशातला पहिला परवाना त्यांना मिळाला. आता त्या क्लबची विमानं धुळ्याला उडतात, म्हणजे तुझ्या घरापासून फार लांब नाही. पदवी या क्लबांना फार नंतर जोडली गेली. म्हणून पुष्कळ ठिकाणी वर्ग एका गावात, धावपट्टी दुसऱ्या गावात. नाशिकच्या आकाशात विमानं दिसतात म्हणून फसू नकोस: ओझरची धावपट्टी एचएएल या सरकारी विमान कंपनीची आहे आणि गांधीनगरला लष्कर आपले हेलिकॉप्टर वैमानिक घडवतं.

आता हिशेब. व्यावसायिक परवान्याला एकूण 200 तास लागतात. त्यात 100 तास स्वतः पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक, म्हणून. 20 तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळाहून दुसऱ्याकडे, त्यात एक उड्डाण किमान 300 सागरी मैलांचं, म्हणजे सुमारे 555 किमी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. 10 तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर, त्यातले जास्तीत जास्त 5 सिम्युलेटरवर. आणि 5 तास रात्रीचे, त्यात स्वतः केलेली 10 उड्डाणं-उतरणं. खरी मेख पुढे आहे. त्या 100 तासांतले 15 तास आणि ही रात्रीची उड्डाणं अर्जाच्या आधीच्या 6 महिन्यांतली असावी लागतात. विमान बंद पडून शेवटचे 20 तास लांबले, की आधी केलेलं रात्रीचं उड्डाण शिळं होतं आणि पैसे भरून पुन्हा करावं लागतं.

विमानं किती, एवढंच विचारून भागत नाही. त्यातली आज उडणारी किती, ते विचार. समज, 40 विद्यार्थी आणि 5 विमानं आहेत. 40 गुणिले 200 म्हणजे 8000 तास. प्रत्येक विमान महिन्याला 60 तास उडालं तर महिन्याचे 300 तास, म्हणजे सव्वादोन वर्षं. एक विमान बसलं की पावणेतीन वर्षं होतात. आणि विमान बसतंच: दर 50 आणि 100 तासांनी तपासणी असते. सुटा भाग परदेशातून यायचा असेल तर आठवडे जातात.

साधं उदाहरण देतो. सेसना 172 एस या शिकाऊ विमानात उड्डाणाआधी इंजिन 1800 आरपीएमला (मिनिटाला फेरे) ठेवून दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगी देणारी यंत्रं, आळीपाळीने बंद करून पाहतात. एकावर आरपीएममध्ये 150 पेक्षा जास्त उतार किंवा दोघांत 50 पेक्षा जास्त फरक चालत नाही. उन्हाळ्यात टॅक्सीवर बराच वेळ रिच मिक्श्चरमध्ये (हवेच्या मानाने इंधन जास्त) इंजिन चाललं, तर 100 एलएल या विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं स्पार्क प्लगवर बसतं आणि उतार वाढतो. मिक्श्चर लीन करून, म्हणजे इंधन कमी करून, थोडा वेळ चालवलं की पुष्कळदा साफ होतं. नाही झालं तर त्या दिवसाचं उड्डाण गेलं. प्लग काढून साफ करणारा इंजिनिअर त्याच एअरफील्डवर आहे की मुंबईहून यावा लागतो, हे नक्की विचार.

पावसाळ्यात ढग खाली येतात आणि शिकाऊंचं उड्डाण थांबतं. त्या महिन्यांत एअर रेग्युलेशन, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) हे परवान्याचे लेखी पेपर उरकावेत. प्रत्येकात 70 टक्के लागतात.

पदवीचा खरा उपयोग काय? अमेरिकेत 2009 च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर कायदा बदलला. 2013 पासून तिथे एअरलाइनमध्ये सहवैमानिकालाही 1500 तास लागतात, पण मान्यताप्राप्त विद्यापीठाची विमानविद्येची पदवी असेल तर 1000 पुरतात. आपल्याकडे पदवीने परवान्याचा एकही तास कमी होत नाही. तरी मी तिला पदवी घ्यायलाच सांगेन. मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय पात्रता, पुढे कधीही जाऊ शकतं आणि तेव्हा हातात दुसरं काही असावं. मात्र ती पदवी अशी हवी की उड्डाण लांबलं तरी परीक्षा अडू नयेत आणि फी वेगवेगळी भरता यावी. उड्डाणाची रक्कम एकरकमी भरू नकोस, तासांच्या टप्प्यांनी भर.

पहिलं काम मेडिकलचं. आधी क्लास 2 ची तपासणी, मग लगेच व्यावसायिक परवान्याला लागणारी क्लास 1. डोळ्यांचं, विशेषतः रंग ओळखण्याचं, काही निघालं तर फी भरण्याआधीच कळू दे. ते झाल्यावर धुळ्याला किंवा शिरपूरला सकाळी सहालाच जा, चालू मोसमात. किती विमानं बाहेर काढली जातात ते मोज, शेवटच्या वर्षाच्या दोघा-तिघा मुलांच्या लॉगबुकातल्या तारखा बघ, आणि तो आकडा मला कळव.

मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
मधू