सारागढी किल्ला नव्हे, चौकी

१२ सप्टेंबर, म्हणजे सारागढीच्या १८९७ मधल्या लढाईचा दिवस, जवळ आला की सारागढीवर लेख येतात आणि बहुतेकांत ती 'किल्ला' ठरते. समाना डोंगररांगेवर (आज पाकिस्तानात) किल्ले दोन होते, लॉकहार्ट आणि गुलिस्तान. मधल्या उंचवट्यामुळे ते एकमेकांना दिसत नसत, म्हणून त्या उंचवट्यावर निरोप पुढे पाठवणारी छोटी दगडी चौकी उभारली होती. १८९७ मध्ये पठाण टोळ्यांशी तिथे लढलेले २१ जण ३६व्या शीख पलटणीचे, म्हणजे नियमित पायदळाचे होते. त्यांना मिलिशिया (स्थानिक अनियमित दल) म्हणणेही चूकच.

चौकीचे खरे काम हेलिओग्राफचे, म्हणजे आरशाने सूर्यप्रकाशाचा झोत पाडून निरोप पाठवण्याच्या यंत्राचे. तिपाईवर पाच इंची आरसा, मधोमध पारा न लावलेला बारीक ठिपका. त्या ठिपक्याची सावली यंत्रासमोरच्या निशाणीवर आणायची आणि चावी दाबून आरसा कलवत मोर्स लिपीत निरोप पाठवायचा. झोत जेमतेम अर्ध्या अंशाचा. सूर्य मिनिटाला पाव अंश सरकतो, त्यामुळे स्क्रू सतत फिरवत राहिले नाही तर झोत समोरच्या ठाण्यावरून निसटतो. ढग आला की सगळेच ठप्प. गोळीबार चालू असताना चौकीतले निरोप पाठवणारे शिपाई गुरमुख सिंग हे काम एकट्याने करत होते. शेवटी लॉकहार्ट किल्ल्याची परवानगी घेऊन त्यांनी यंत्र गुंडाळले आणि बंदूक उचलली.

अमृतसर आणि फिरोजपूरच्या स्मारक-गुरुद्वारांत या २१ जणांची नावे आहेत. शेजारी हेलिओग्राफची चालती प्रतिकृती ठेवली, तर मुलांना पाच मिनिटांत सारे उमजेल. (उन्हात ठेवावी, काचेच्या कपाटात नव्हे!)

– एक वाचक, पुणे