पटत नसेल तर बंद करा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

या महिन्यात घरच्या इंटरनेटचा दर ४९९ वरून ५९९ झाला. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ चे थेट ७०७. वाढ शंभराची सांगतात, खिशातून जातात ११८. रिचार्ज संपायला दोन दिवस असताना मेसेज आला. केबलवाल्याला फोन केला तर समोरून अगदी शांतपणे उत्तर, "पटत नसेल तर बंद करा भाऊ." मला राग आला तो त्या शांतपणाचा. बंद करून मी जाणार कुठे, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

अमळनेरच्या आमच्या गल्लीत लाइटच्या खांबांवरून घरोघरी गेलेली फायबरची वायर या एकाच केबलवाल्याची. दुसऱ्या कंपनीकडे दोनदा नाव नोंदवले. दोन्ही वेळा "तुमच्या भागात लाइन नाही" एवढेच ऐकून घेतले. चार गल्ल्या सोडून मात्र तिची लाइन आहे. आणि तिथे आमच्याच केबलवाल्याचा दर अजून ४९९! वायर तीच, माणूस तोच.

मी व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरून देतो. २० तारीख ही त्यांची मुदत, म्हणजे आमची परीक्षाच. गेल्या महिन्यात नेमकी १९ ला वादळात वायर तुटली आणि राउटरवर लाल दिवा लुकलुकू लागला. लाइनमन उगवला २१ ला. शिडी आमची, चहाही आमचा. जोड मारून उरलेली वायर खांबाला गुंडाळली आणि गेला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्री जागून काम उरकले, नाहीतर एकेका व्यापाऱ्याला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क बसले असते. बंद दिवसांचे पैसे कापा म्हटले, तर तो नुसता हसला.

मोबाइल कंपन्याही काही साध्या नाहीत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले होते. पण तिथे जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता तरी येते. घरच्या इंटरनेटचे काय पोर्ट करणार, दारात दुसरी वायरच नाही तर? दर कंपनीने ठरवायचे आणि ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, कळवायचे, अशी पद्धत आहे. स्पर्धा दर आवरेल, हा त्यामागचा हिशेब. पुण्या-मुंबईत तो जुळतही असेल. गावात कापसाचा खरेदीदार एकच उरला की भाव कसा पडतो, हे खान्देशात कुणाला समजावून सांगायला नको. इथे विकणारा एकच, म्हणून भाव चढतो.

केबल टाकण्याच्या परवानग्यांचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. त्यानंतर नगरपरिषदेकडे किती कंपन्यांचे अर्ज आले, किती मंजूर झाले, किती पडून आहेत आणि कशासाठी, याची यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावावी. लाइटच्या खांबांवर आज कुणाकुणाच्या वायरी आहेत आणि त्याचे भाडे कोण भरते, हेही कळू द्या. चोपडा, शिरपूर, शहाद्याला काय स्थिती आहे, याची आपल्या वार्ताहरांनी चौकशी केली तर बरे होईल.

तूर्त मी ७०७ भरले आहेत. २० तारीख जवळ आली आहे.

आपला,
एक कर सल्लागार
अमळनेर, जि. जळगाव